ओवीची खुर्ची धुळ्याला निघाली

हैदराबाद, बांधाबांध

अडीच वर्षांच्या नातीला घेऊन मी एकटी हैदराबादहून जळगावला विमानाने गेले, हे ऐकल्यावर जो तो विचारतो, "पोरीने त्रास दिला का हो?" पोरीने अजिबात दिला नाही. त्रास दिला तो तिच्या खुर्चीने. मोटारीत लहान मुलाला पट्ट्यांनी बांधून बसवायची ती खुर्ची, जिला माझी लेक प्राजक्ता 'कार सीट' म्हणते आणि आमचे नाना 'ते डबडं' म्हणतात. तुमच्यापैकी कोणी असं डबडं घेऊन खानदेशात जाणार असाल, तर माझी हकीकत आधी वाचून घ्या.

मी भुसावळच्या रेल्वे दवाखान्यात नर्स होते. जन्मभर पासवर हिंडले. सामान म्हणजे बर्थखाली सरकवायचं आणि वर पाय पसरून झोपायचं, एवढंच मला ठाऊक. निवृत्त झाल्यावर प्राजक्ताकडे हैदराबादला आले ती ओवीसाठी. इकडे धुळ्याहून माझ्या थोरल्या भावाचा, नानांचा, दर रविवारी फोन. "पोरगीले कव्हय लई येस व?" पोरीला कधी आणतेस, एवढाच प्रश्न. प्राजक्ताला रजा मिळेना. शेवटी ठरलं, मी आणि ओवी पुढे जायचं, प्राजक्ता आठवड्याने येणार.

नानांची घाई का, तेही सांगते. नाना एसटीत ड्रायव्हर होते. आमच्या घरात एक रीत पडून गेली आहे. घरातलं नवं लेकरू पहिल्यांदा धुळ्याला येतं ते नानांच्या मांडीवर बसून. दारात गाडी थांबते, मांडीवरून लेकरू उतरतं, वहिनी भाकरतुकडा ओवाळून टाकते आणि मग ते घरात येतं. प्राजक्ता तशीच आली, तिच्या मागची सगळी भावंडं तशीच आली. ओवी राहिली होती.

आणि प्राजक्ताची अट एकच. "आई, मोटार हलली की ओवी सीटमध्ये. दोन गल्ल्यांसाठी असलं तरी. कोणाच्याही मांडीवर नाही." मी म्हटलं, बरं. नुसतं तिचं मन राखायला नव्हे. साध्या धडकेतही मांडीवरून सुटलेलं मूल कसं दवाखान्यात येतं, ते मी या हातांनी उचललेलं आहे. आईने घट्ट धरलं होतं, असंच प्रत्येक वेळी ऐकायचे, आणि ते खरंही असायचं. म्हणून मी शब्द दिला, आणि देतानाच नानांचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

विमानात ती खुर्ची ओवीच्या आसनावर बसवता येईल का, हे विचारायला मी तीनदा फोन केला आणि मला तीन उत्तरं मिळाली. एक बाई म्हणाल्या हो, एक भाऊ म्हणाले नाही, तिसरे म्हणाले विमानतळावर विचारा. जळगावचं विमान छोटं, पंख्याचं, आसनं अरुंद. खुर्ची काही तिथे मावायची नाही, असं मीच फीत लावून ठरवलं. मग ती सामानात देणं आलं. प्राजक्ताने आतून गादी लावलेली जाड पिशवी आणली होती. मी आतून आणखी गोधडी गुंडाळली. कोपऱ्यात थोडी जागा दिसली तशी जळगावच्या मैत्रिणीसाठी, सुमनसाठी घेतलेल्या हैदराबादी बिस्किटांची दोन खोकी तिथे सारली. रिकामी जागा सोडून द्यायची माझ्या हाताला सवयच नाही.

विमानात

ओवीला खिडकी दिली. दोन वर्षांवरच्या मुलाला स्वतःचं तिकीट लागतं, त्यामुळे बाईसाहेब स्वतंत्र आसनावर, कमरेला पट्टा. पट्टा मोठा, ओवी बारीक. ती सारखी खाली घसरायची आणि मी तिला फ्रॉकला धरून वर ओढायचे. पंखा फिरायला लागला तशी ती ओरडली, "आजी, बंद कर!" तिला वाटलं घरातल्यासारखं बटण असेल. मागच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "करा हो बंद, थंडी वाजते."

उतरताना लहान मुलांचे कान दुखतात. काहीतरी चघळायला द्यायचं असतं. मी केळं दिलं. जळगावला जाताना घरून केळं नेलं, यावरून सुमनने मला पुढे दोन दिवस छळलं. पण कान दुखले नाहीत, हे महत्त्वाचं. खाली कापसाची शेतं दिसली, मग केळीचे हिरवेगार चौकोन, आणि त्यांच्या मधोमध अचानक धावपट्टी. भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर उतरताना पोटात जो आनंद होतो तोच झाला. भजी मात्र नव्हती.

जळगाव, पहिला दिवस

सामानाच्या सरकत्या पट्ट्यावरून पिशवी आली. मी तिथेच बाजूला बसून चेन उघडली. वर बिस्किटांची खोकी, आणि खोक्यांत पीठ. एकही बिस्कीट अख्खं नाही. पिशवी कुठेतरी चांगलीच आपटली होती, आणि असली खुर्ची आपटली तर वरून धड दिसते पण आतून तडकलेली असू शकते, हे प्राजक्ताने मला दहा वेळा बजावलं होतं. मग मी ओवीला सामानाच्या गाडीवर बसवलं आणि खुर्ची पेशंट तपासावा तशी तपासली. सगळीकडून बोटं फिरवली, प्लास्टिकवर कुठे पांढरी रेघ उमटली आहे का पाहिलं, पट्टे ओढले, बकल लावून सोडून पुन्हा लावलं. टक्‌ असा स्वच्छ आवाज आला. धक्का बहुतेक बिस्किटांच्या बाजूनेच बसला होता. तरी सांगते, त्या पिशवीत दुसरं काही कोंबू नका.

बाहेर नाना उभे. पांढरं धोतर, टोपी, नवा कोट. शेजारी त्यांचा मुलगा किरण आणि त्यांची जुनी पांढरी मोटार, धुऊन पुसून चकचकीत.

"ऊनी का व माय मन्ही!" नानांनी हात पसरले. ओवी माझ्या पायामागे लपली. मग त्यांच्या टोपीकडे बघून हसली आणि गेली. नानांनी तिला छातीशी धरलं ते सोडेचनात.

किरण गाडी चालवायला आला होता. जन्मात कधी दुसऱ्याला चाक न देणारा माणूस आज शेजारी बसणार होता, का, तर मांडी मोकळी राहावी. मला बघवेना.

मी पिशवीतून खुर्ची काढली.

"हाई काय लई ऊनी?" नाना म्हणाले.

"ओवीनी खुर्ची शे नाना. गाडीमां ती यामांच बसस." धुळ्याच्या माणसासमोर माझी जीभ आपोआप अहिराणीवर जाते.

"इले खुर्ची कसाले? मन्ही मांडी शे ना!"

मी प्राजक्ताला दिलेला शब्द सांगितला. नाना हसले, म्हणजे आधी हसले. मग माझा चेहरा पाहून थांबले.

"इतला वरीस यस्टी चालाडी, रस्तावर एक कोंबडी बी नही मारी मी. तुले मनावर इस्वास नही का?"

"तुमनावर शे नाना. समोरना ट्रकवालावर नही."

किरणला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. पण खरी गंमत पुढे होती. मी मागचं दार उघडलं तर आत लालभडक मखमल. गादी, पाठ, सगळं नव्याने मढवलेलं, कडेला सोनेरी गोट. आणि खुर्ची जिला बांधायची ती पट्ट्याची बकलं कुठेच दिसेनात.

"आत्या, बकलं खाली आहेत," किरण हळूच म्हणाला. "कव्हरवाल्याने वरूनच शिवून टाकलं. मागचा पट्टा कोण लावतं आपल्याकडे?"

खरं आहे. आपल्याकडे मोटार घेतली की पहिलं काम कव्हर, आणि कव्हर घट्ट बसलं पाहिजे, सुरकुती दिसायला नको. बकलं मध्ये येतात, म्हणून ती गादीखाली गाडायची. हैदराबादला प्राजक्ताच्या गाडीत बसताच मला बांधून टाकतात तेव्हा मी कुरकुर करते. इथे बांधायचं म्हटलं तर सोयच नव्हती.

"कापू का थोडं? ब्लेड आहे," किरण म्हणाला.

"नातकरता शिवेल शे ती," नाना म्हणाले. एवढंच. ओवीसाठी, मुद्दाम, मागच्याच आठवड्यात. त्या मखमलीला ब्लेड लावा, असं सांगायला माझी जीभ वळेना. आणि पट्ट्याशिवाय खुर्ची ठेवून बसवलं तर ती खुर्ची कसली, उडवायचं यंत्र झालं.

शेवटी मी विमानतळावरची भाड्याची गाडी केली. तिच्या मागच्या पट्ट्यांना बकलं होती. आमचा मुक्काम ठरलेलाच होता, भुसावळची माझी जुनी सोबतीण सुमन हिच्याकडे जळगावात. मी गुडघा रोवून खुर्ची घट्ट बांधली, ओवीला बसवलं, निघालो. मागे वळून पाहिलं तर नानांची लाल मखमलीची गाडी रिकामीच आमच्या मागून येत होती, पुढे नाना ताठ बसलेले. मला इतकं वाईट वाटलं की ड्रायव्हरने दोनदा विचारलं, "मावशी, बरं नाही का?"

आसोदा, दुसरा दिवस

सकाळी नाना चहा न पिताच गाडी घेऊन निघून गेले. "कोठे?" म्हटलं तर "काम शे." किरणलाही नेलं नाही. सुमन म्हणाली, "रागावले. येतील दुपारपर्यंत. भरताचा वास गावभर जातो."

सुमनच्या दिराचं जळगावजवळ आसोद्याला शेत आहे. कालचीच भाड्याची गाडी बोलावून, तीत खुर्ची बांधून आम्ही तिथे गेलो. ज्यांनी खानदेशातलं हिवाळ्यातलं भरीत खाल्लं नाही त्यांना मी काय सांगू? आमच्याकडची वांगी हिरवी, लांब, दुधीएवढी. कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्यावर ती भाजायची. काळी सालं काढायची आणि लाकडी भांड्यात लाकडी ठोंब्याने ठेचायची. वर हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि तेल हात न आखडता. जोडीला कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद दळून केलेली. हैदराबादला मी गॅसवर वांगं भाजते आणि त्याला भरीत म्हणते, याची त्या दिवशी मला लाज वाटली.

ओवीने भरताला बोट लावलं, जिभेला लावलं, आणि शेताच्या बांधावरून सरळ पळत सुटली. तिला पाणी, गूळ, केळं, सगळं दिल्यावर रडं थांबलं. "तुझी नात हैदराबादची ना? तिकडे तिखट खात नाहीत?" सुमनचे दीर म्हणाले. मी म्हटलं, तिकडचं तिखट आंबट असतं, ते चालतं तिला.

सुमनला मी नानांचं सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "अगं, आसोदा ते जळगाव किती लांब? आता इथून जाताना घेऊ दे ना एकदा मांडीवर. प्राजक्ता कुठे बघायला येतेय?"

"प्राजक्ता नाही बघणार," मी म्हटलं. "पण सुमन, आपण दोघींनी वॉर्डात काय बघितलंय?"

सुमनने भाकरी तव्यावर टाकली.

दुपार कलली तशी नानांची गाडी बांधाशी येऊन थांबली. नाना उतरले आणि मला बोटाने खुणावलं. मागचं दार उघडलं. मखमल तशीच लाल, तसाच गोट. पण गादीच्या घडीपाशी दोन छान लांबट फटी. कडा आत दुमडून, लाल दोऱ्याने गच्च टाका घालून पक्क्या केलेल्या. आणि त्या फटींतून दोन बकलं डोकं वर काढून बसलेली.

"बटनले जसा काज र्‍हास, तसा," नाना म्हणाले. "तो म्हने ब्लेड मारी देस. मी म्हनं, नही. काज कर. मी समोर बशी र्‍हायनू."

कव्हरवाल्याच्या दुकानात सकाळपासून बसून त्यांनी ते करून घेतलं होतं, चहासुद्धा न घेता. मी त्यांना भरीत वाढलं. ते जेवले भरपूर, पण जेवताना ओवीकडे बघत होते आणि एकदाच म्हणाले, "मंग धुळाले ती खुर्चीवर बशीनच येई." विचारत नव्हते ते. मी "हो" म्हटलं आणि त्यांच्या पानात आणखी भरीत वाढलं.

जळगाव ते धुळे, तिसरा दिवस

सकाळी खुर्ची बांधली. काजातून बकल वर, त्यात पट्टा, खुर्चीवर माझा गुडघा आणि सगळं वजन, मग पट्टा ओढायचा. खुर्ची धरून हलवली तर गाडी हलली, खुर्ची नाही. नाना हे सगळं बघत होते. ड्रायव्हरच ते. "घट्ट शे," त्यांनी शेरा दिला.

किरण चाकावर, नाना त्याच्या शेजारी, मागे ओवी आणि मी. मीही पट्टा लावला. काज मलाही उपयोगी पडलं. गिरणेचा पूल गेला, पाळधी गेलं, एरंडोल गेलं. रस्ता आता इतका रुंद झाला आहे की नानांना तो आपला वाटत नव्हता. "आठे मोठं वडनं झाड व्हतं," असं ते सारखं काचेबाहेर दाखवत होते, आणि तिथे झाड नव्हतं. दर थोड्या वेळाने मान वळवून ओवीकडे बघायचे. ती त्यांच्या आसनाच्या पाठीला लाथा मारत होती. त्या लाथा ते खुशीत खात होते.

पारोळ्याला चहाला थांबलो. चहा नाही, खरं तर मिसळ. खानदेशातल्या मिसळीचा रस्सा बघूनच घाम येतो, त्यामुळे ओवीला नुसता पाव दिला. ती मोकळी झाल्यावर नानांच्या मागे मागे फिरली, त्यांची टोपी स्वतःच्या डोक्यावर घातली, कोटाच्या खिशात पाव ठेवला. दोघांची चांगलीच गट्टी जमली. आणि तिथेच घोटाळा झाला. निघताना ओवी खुर्चीत बसेना. कमान टाकली, पाय ताठ केले, "नाना पाहिजे" म्हणून आकांत मांडला. हॉटेलातले लोक बाहेर येऊन बघायला लागले. एक आजीबाई मला म्हणाल्या, "अव, बांधस काय लेकरूले? गाय शे का ती?"

नाना मोटारीपाशी उभे. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "आठेन पुढे रस्ता सरळ शे," एवढंच म्हणाले.

माझं मन डळमळलं, खोटं कशाला सांगू. पोर रडतेय, भाऊ उभा आहे, रस्ता सरळ आहे, किरण हळू चालवतो. कोणालाही काही झालं नसतं, बहुतेक. पण त्या 'बहुतेक'वर मला नात ठेवायची नव्हती. "नही नाना," मी म्हटलं.

नानांनी पुढचं दार लावलं, फिरून मागे आले आणि मला म्हणाले, "तू पुढे बस." मग ओवीच्या शेजारी बसले, खुर्चीचे पट्टे स्वतः लावले, टक्‌ आवाज ऐकला आणि आपलं बोट तिच्या मुठीत दिलं. ओवी हुंदके देत देत झोपली. बोट मात्र तिने सोडलं नाही, आणि नाना पारोळ्यापासून फागण्यापर्यंत एका अंगावर वाकडे होऊन बसले. मी पुढे बसून रस्त्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, इतकं सगळं त्यांनीच सोडायचं का?

धुळे

पांझरेचा पूल ओलांडला, देवपुरात शिरलो. ओवी जागी झाली होती. नानांची गल्ली आली. टोकाला वळलो तर दूर दारात वहिनी पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभी दिसली. गल्ली सपाट, रिकामी, दोन्ही बाजूंनी ओट्यांवर बायका गहू निवडत बसलेल्या.

"किरण, थांबव गाडी," मी म्हटलं. "बंद कर."

"का आत्या?"

"बंद कर. आणि खाली उतर."

मी मागचं दार उघडलं. ओवीचे पट्टे सोडले, तिला उचललं. "नाना, पुढे या. चाकावर बसा."

नाना बघतच राहिले. "तुन्ही पोरगीनं सांगेल शे ना?"

"गाडी बंद शे नाना. चावी मनापाशी शे." मी किरणच्या हातातून चावी घेऊन पदरात बांधली. जुनी गाडी, चावी काढली तरी चाक फिरतं. "गेर काढा. ब्रेकवर पाय ठेवा. आम्ही लोटतस."

नानांना समजायला जरा वेळ लागला. मग ते धोतर सावरत चाकामागे बसले आणि मी ओवीला त्यांच्या मांडीवर दिलं. ओवीने दोन्ही हातांनी स्टिअरिंग पकडलं. किरण मागून, मी एका बाजूने. माझ्या वयाला शोभेल इतपत मी लोटलं. खरी गाडी किरणनेच हलवली. ओट्यावरची एक बाई धावत आली.

"काय व्हयनं व? बंद पडनी का गाडी?"

"नही," मी म्हटलं. "बठ्ठं बराबर शे. हात लाव."

तिला काही कळलं नाही, पण तिने हात लावला. मग आणखी दोघी आल्या, गव्हाच्या हातांनीच. चालत्या माणसाच्याही मागे पडेल अशा चालीने आमची मोटार गल्लीतून निघाली. आत ओवी चाक फिरवत तोंडाने गाडीचा आवाज काढत होती. नाना ताठ बसले होते, ड्युटीवर बसावं तसे, एक हात चाकावर आणि एक तिच्या पोटावर, आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं ते पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता. मलाही दिसेना, मी नुसतीच लोटत होते.

वहिनीच्या पुढ्यात नानांनी ब्रेक लावला. वहिनीने तुकडा ओवाळला, पाणी ओवाळलं, दोन्ही बाजूला टाकलं. "उतरा आते," ती म्हणाली.

ओवीने स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं. "अजून," ती म्हणाली. आम्ही सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. ते समोर बघत होते आणि उतरायचं नावच काढत नव्हते.

मग आम्ही सगळे जण पुढे गेलो आणि गाडी मागे लोटत पुन्हा गल्लीच्या टोकाला नेली.